थेरपीचा सरकारी दर एका सेशनला २५० रुपये, हिशोब कसा मांडायचा?

मानेवाडा_थेरपी:

नमस्कार. इथे संस्था चालवणारे, अकाउंट्सवाले आणि पालक असे सगळेच आहेत म्हणून विचारते, थोडं लांब होईल.

मी नागपूरला मानेवाड्यात लहान मुलांचं थेरपी सेंटर चालवते, नऊ वर्षं झाली. दोन स्पीच थेरपिस्ट, एक ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट), एक विशेष शिक्षिका, एक मावशी आणि रिसेप्शनला एक मुलगी, तीच हिशोबही बघते. मी स्वतः ओटी आहे पण माझा पगार खालच्या हिशोबात धरलेलाच नाही.

मागच्या महिन्यात एका सरकारी ऑफिसातून बोलावणं आलं. तपासणी शिबिरांमधून निघालेली मुलं आहेत, ऑटिझमची, सेरेब्रल पाल्सीची, ऐकू न येणारी, त्यांना आमच्यासारख्या सेंटरमध्ये थेरपी द्यायची आणि पैसे ऑफिस देणार. खरं सांगते, ऐकून मला खूप बरं वाटलं, कारण फी परवडत नाही म्हणून दोन महिन्यांत बंद झालेली कितीतरी मुलं माझ्या डोळ्यासमोर आहेत. मग दर सांगितला. ४५ मिनिटांच्या सेशनला २५० रुपये, त्यात सगळं आलं. मी म्हटलं सर हे परवडणार नाही, तर ते म्हणाले मग तुमचा दर कारणांसह लेखी द्या, पंधरा दिवसांत. म्हणजे ऐकायची तयारी आहे त्यांची, दार लावलेलं नाही.

माझा हिशोब असा. थेरपिस्टचा पगार ३०,०००, दिवाळीला एक पगार बोनस, म्हणजे महिन्याला ३२,५०० धरा, वर्षाचे ३,९०,०००. भाडं, लाईट बिल (आपला उन्हाळा माहितीच आहे, एसी नसेल तर मे महिन्यात मूल पाच मिनिटं बसत नाही), मावशी, रिसेप्शन, खेळणी आणि टेस्ट किट, सगळं मिळून महिन्याला ५०,०००. चौघींत वाटलं तर एकीच्या वाट्याला वर्षाचे १,५०,०००. एकूण ५,४०,०००. रविवार, सण, रजा आणि आरसीआयचं (भारतीय पुनर्वास परिषदेचं) रजिस्ट्रेशन टिकवायला करावी लागणारी ट्रेनिंग वजा केली की एक थेरपिस्ट वर्षाला साधारण २७० दिवस काम करते. दिवसाला सहा सेशन लावतो, त्यातलं एक तरी मूल येत नाही, म्हणजे पाच. २७० गुणिले ५ म्हणजे १,३५०. भागून बघा, बरोबर ४०० रुपये येतात.

आता हे कागदावर लिहिलं तर वाचणारा म्हणणार आठ तासांची ड्युटी आणि फक्त पाच सेशन? त्याला कसं सांगू? मागच्या मंगळवारी उमरेडकडून एक आई चार वर्षांच्या मुलाला घेऊन आली, एसटी लेट, पंचवीस मिनिटं उशीर. मूल आल्या आल्या टेबलाखाली जाऊन बसलं. आमची थेरपिस्टही टेबलाखाली जाऊन बसली, काही बोलली नाही, हातातला लाकडी ठोकळा फक्त जमिनीवर टकटक करत राहिली. दहा मिनिटांनी त्याने तिच्या हातातून ठोकळा घेतला आणि स्वतः दोनदा टकटक केलं. आई रडायला लागली कारण घरी तो कोणाच्या हातातलं काही घेत नाही. त्या दिवशी त्याच्या पुढच्या मुलाचं सेशन अर्ध्या तासाने सरकलं, त्यानंतर नोंदी लिहिल्या, आईला घरी काय करायचं ते करून दाखवलं. बिलात हे एक सेशन.

नाही म्हटलं तर मुलांचं नुकसान, हो म्हटलं तर सहा महिन्यांत सेंटर बंद. हा ४०० चा आकडा कसा मांडू की पटेल? याचा काही नियम, काही पद्धत असते का?

लेखा_निवृत्त:

ताई, मी लेखा विभागातून रिटायर झालो, ३१ वर्षं अशाच फायली पाहिल्या. आधी २५० कुठून आला असेल ते सांगतो, अंदाज आहे पण बहुतेक बरोबर निघेल. तुमच्या खर्चाशी त्यांचं भांडण नसावं. ५,४०,००० च त्यांनीही धरले असतील, फार तर थोडे इकडेतिकडे. वर्षाचे दिवस ३०० धरले, दिवसाला आठ सेशन. ३०० गुणिले ८ म्हणजे २,४००. ५,४०,००० भागिले २,४०० म्हणजे २२५. त्यावर दहा टक्के द्या, २४७ रुपये ५० पैसे. राउंड करा, २५०. म्हणजे त्यांच्या कागदावर तुम्हाला दहा टक्के नफासुद्धा दिलेला आहे!

सगळा फरक भाजकात आहे. म्हणून पत्रात दरावर भांडू नका, सेशनच्या संख्येवर बोला. मागच्या तीन महिन्यांचं हजेरी रजिस्टर काढा, किती सेशन लावले, किती झाले, न येण्याचं कारण काय, आणि त्याची साक्षांकित प्रत जोडा. आमच्या लोकांना तोंडी सांगितलेलं टिपणीत घेता येत नाही, जोडपत्र असलं की घेता येतं. टिपणी लिहिणारा क्लार्क तुमच्या बाजूचा असला तरी त्याला हातात कागद लागतो.

दुसरं, पैसे कधी मिळणार ते दरापेक्षा कमी महत्त्वाचं नाही. २५० चं बिल आठ महिन्यांनी निघालं आणि तोवर तुम्ही बारा टक्क्यांनी ओव्हरड्राफ्ट वापरला तर २० रुपये व्याजातच गेले, दर झाला २३०. सेंटर तुमच्या नावावर प्रोप्रायटरी असेल तर लहान उद्योगांची सरकारी "उद्यम" नोंदणी आजच करा, काम सुरू व्हायच्या आधी. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यात ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचं बंधन आहे आणि उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, खरेदीदार सरकारी असला तरी. व्याज मागायची वेळ येऊ नये, पण करारात ४५ दिवसांचा उल्लेख असला की बिल टेबलावर पडून राहत नाही.

तिसरं, दरवर्षी दर वाढायची तरतूद मागा. नाहीतर काय होते बघा, सीजीएचएसमध्ये (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) ओपीडी कन्सल्टेशनचे १५० रुपये होते ते २०२३ मध्ये ३५० झाले, आणि बाकीचे बहुतेक दर २०१४ चेच चालत होते, ते ऑक्टोबर २०२५ मध्ये बदलले. दहा-अकरा वर्षं! तोवर हॉस्पिटलं तग धरतात कारण त्यांच्याकडे दुसरे पेशंट असतात, तुमच्यासारख्या सेंटरला ते जमणार नाही. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक लेबर ब्युरो काढतं, त्यात नागपूर हे केंद्र आहे, महागाई भत्ता त्याच निर्देशांकावर ठरतो. त्याच्याशी दर जोडा म्हणा, ऑफिसला हा निर्देशांक परका नाही.

आर्यनची_आई_कामठी:

ताई मी पालक आहे, माझं थोडं वेगळं म्हणणं आहे, राग नका मानू.

४०० खरा दर असेल तर ४०० च मागा, पण ऑफिसजवळ वर्षाचं बजेट ठरलेलंच असणार न. १० लाखांत २५० ने ४,००० सेशन होतात आणि ४०० ने २,५००. मग ते काय करतील, एका मुलाला महिन्याला आठ ऐवजी पाच सेशन देतील नाहीतर काही मुलं वेटिंगवर ठेवतील. माझा मुलगा तीन वर्षं वेटिंगवरच मोठा झाला. पहिला शब्द बोलला तेव्हा साडेसहा वर्षांचा होता, "पाणी" म्हणाला. लवकर सुरू झालं असतं तर, हे मी रोज रात्री मनात म्हणते.

आणि दुसरी गोष्ट, एका ठिकाणी आम्हाला असा अनुभव आला की सरकारकडून मिळतात ते कमी पडतात म्हणून वरचे शंभर शंभर रुपये पालकांकडून घ्यायचे, पावती नाही. नाही म्हटलं की मुलाची वेळ दुपारी दोनची लागायची. मी त्या ताईला वाईट म्हणत नाही, तिलाही पगार द्यायचे होते. पण कमी दराचा बोजा शेवटी आमच्यावरच येऊन पडला न. म्हणून तुमच्या पत्रात एक ओळ नक्की लिहा की पालकांकडून एकही रुपया घेणार नाही. आणि मग ४०० मागा, छातीठोक मागा, मी सही करते पालक म्हणून.

निरामय या दिव्यांगांच्या सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड आहे आमच्याजवळ, वर्षाला एक लाखापर्यंतचं आहे, पण आधी खिशातून भरा मग बिलं पाठवा, ज्याच्या खिशात नाही त्याने काय करायचं. फुले योजनेत भरती झाल्याशिवाय काही नाही, आणि स्पीच थेरपीसाठी कोण भरती होते.

काटोल_विशेषशिक्षिका:

वरच्या ताईंचं एकदम बरोबर आहे. मी विनाअनुदानित विशेष शाळेत बारा वर्षं आहे, माझा पगार सांगितला तर इथे कोणाला खरं वाटणार नाही. दर हिवाळी अधिवेशनात आम्ही यशवंत स्टेडियमला येऊन बसतो, निवेदन देतो, परत जातो. आमच्या शाळेत पाच वर्षांत सात शिक्षिका बदलल्या. ऑटिझमच्या मुलाला नवीन बाईची सवय व्हायला तीन-चार महिने लागतात, म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा नुसता ओळख होण्यात. कमी दरात काम करून घेणारं ऑफिस तेच काम दोनदा विकत घेऊन राहिलं, हे पण लिहा त्यात. माणूस टिकला तरच थेरपी होते.

विवेक_प्रतापनगर:

४५ मिनिटांचं वन टू वन कशाला, तीन-चार मुलांचा ग्रुप घ्या, २५० गुणिले ४, हजार रुपये होतात. प्रॅक्टिकल विचार करायला पाहिजे.

मानेवाडा_थेरपी:

विवेकजी, ग्रुप आम्ही घेतो, शनिवारी, पण तो तयार झालेल्या मुलांचा. ज्या मुलाला अजून समोरच्याकडे बघता येत नाही त्याला चार मुलांच्या आवाजात बसवलं तर तो कान झाकून घेतो आणि पुढच्या वेळी जिना चढत नाही. आणि जर ग्रुपमध्ये जास्त पैसे सुटत असतील तर सगळी सेंटरं ग्रुपच करतील, मुलाला काय लागतं ते मागे पडेल. दर असा पाहिजे की मला मुलाकडे बघून ठरवता यावं.

पुनर्वसन_समाजकार्य:

मी मानसिक आजारातून बरं होणाऱ्यांच्या हाफवे होममध्ये काम करते. आमच्याकडे दर सेशनचा नाही, माणशी दिवसाचा असतो, आणि त्याचा त्रास वेगळाच आहे.

दिवसाचा दर म्हणजे पलंग भरलेला असला तर पैसे. माणूस बरा होऊन घरी गेला की दुसऱ्या दिवसापासून पैसे बंद, पण खरं काम तेव्हाच सुरू होतं. घरी जाऊन बघणं, औषध चालू आहे का, शेजारी काय बोलतात, भाऊ जागेच्या कागदावर सही तर मागत नाही ना. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम १९ आहे, घरच्यांनी नाकारलं किंवा बाहेर सोय नाही एवढ्याच कारणावरून कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येत नाही. आपलं मानकापूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचं, असे दवाखाने राज्यात चारच, तिथून बाहेर यायला तयार असलेल्या माणसाला राहायला घरासारखी जागा पाहिजे हे कायदा म्हणतो. मग ती जागा चालवायचा दर मात्र पलंग आणि जेवण धरून काढायचा? आयुष्मानच्या पॅकेजमध्येसुद्धा डिस्चार्जनंतरचे १५ दिवस धरतात. हाड मोडलं असेल तर ठीक आहे. स्किझोफ्रेनियात १५ दिवसांत तर घरातल्या माणसांची भीतीसुद्धा जात नाही.

आमच्याकडे एक काकू होत्या, पन्नाशीच्या, एकवीस वर्षं आत काढलेल्या. त्यांना गोकुळपेठ मार्केटमधून भाजी आणायची होती, एकटीने. पहिल्यांदा मी बरोबर गेले तर त्यांना नाण्यांमधला फरक कळेना, दहाचं नाणं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. सात वेळा गेलो. तिसऱ्या वेळी भाजीवालीशी बोलल्या, पाचव्या वेळी भाव केला, आठव्या वेळी मी रस्त्याच्या या बाजूला उभी राहिले आणि त्या पलीकडून मेथीच्या दोन जुड्या घेऊन आल्या. त्या आठ खेपांसाठी बिलात रकानाच नाही. काउन्सेलिंगचा आहे, तो खोलीत खुर्चीवर बसून केलं तर.

तर ताई, तुम्ही अजून सुरुवातीला आहात, तुमच्या हातात आहे. सेशनबरोबर वेगळे रकाने मागून घ्या: पहिलं मूल्यमापन, रिपोर्ट, घरी किंवा अंगणवाडीत भेट. एकदा "सगळं धरून" म्हणून सही झाली की नंतर प्रत्येक चांगली गोष्ट तुम्हाला पदरच्या पैशांनी करावी लागेल, आणि थकलात की पहिल्यांदा त्याच गोष्टी बंद होतील.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम २७ पण वाचा, पुनर्वसनाची धोरणं ठरवताना सरकारने या क्षेत्रातल्या संस्थांशी सल्लामसलत करायचीच आहे, "शॅल" शब्द आहे तिथे. शहरातल्या पाच-सहा सेंटरनी आणि संस्थांनी मिळून पत्र दिलं तर ते एकीचं गाऱ्हाणं राहत नाही.

मूळचा_धरमपेठचा:

मी मेलबर्नला असतो, बायको इथे डिसॅबिलिटी क्षेत्रात काम करते, तर इथली पद्धत सांगतो, तुलना करायला नाही, तुमच्या पत्रात मुद्दा म्हणून चालेल.

इथे दिव्यांगांसाठी एनडीआयएस नावाची सरकारी स्कीम आहे, ती दरवर्षी प्रत्येक सेवेच्या दराची कमाल मर्यादा छापते. सपोर्ट वर्करचा दर कसा काढला त्याचं मॉडेलसुद्धा जाहीर असतं: कायद्याने ठरलेलं मूळ वेतन, त्यावर रजा, पेन्शन, सुपरवायझरचा वेळ, तासातला किती वेळ प्रत्यक्ष बिल होतो ते प्रमाण, ऑफिस खर्च, मग थोडं मार्जिन. लेखा काका म्हणतात तो भाजक इथे छापील असतो. ठराविक मुदतीच्या आत कोणी सेशन रद्द केलं तर त्याचं बिल करता येतं, रिपोर्ट लिहायचा वेळ आणि प्रवास यांचेही नियम आहेत. दूरच्या भागात दर ४० टक्के जास्त, अतिदूर भागात ५० टक्के.

पण सगळं गोड आहे असं नाही. जुलै २०२५ मध्ये फिजिओचा तासाचा दर १९३.९९ डॉलरवरून १८३.९९ वर आणला आणि थेरपिस्टच्या प्रवासाचं बिल अर्ध्यावर आणलं, तेव्हा गावांकडे जाणारे थेरपिस्ट खूप चिडले. फरक एवढाच की चिडलेल्या माणसाला नेमका कोणता आकडा बदलला त्यावर बोट ठेवता येतं.

मला वाटतं आपल्याकडे उलटं होतं, सीजीएचएसमध्ये नागपूर शहरांच्या वाय, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत म्हणून पुण्या-मुंबईपेक्षा दर कमी. भाडं कमी असतं हे मान्य, पण क्वालिफाइड थेरपिस्ट विदर्भात टिकवायची तर तिला पुण्याहून आलेली ऑफर पण लक्षात घ्यावी लागते ना.

मानेवाडा_थेरपी:

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेष करून लेखा काकांचे, ते २२५ चं गणित वाचून मी दहा मिनिटं नुसती बसून होते. इतके दिवस वाटत होतं त्यांना आमची किंमत नाही, आणि निघालं की फक्त रकाना वेगळा होता.

काल रात्री रिसेप्शनच्या मुलीने आणि मी रजिस्टर काढलं. तीन महिन्यांत १,६०८ सेशन लावलेली, २८१ झाली नाहीत, म्हणजे साडेसतरा टक्के. कारणं आम्ही पेन्सिलने लिहून ठेवतो, ती मोजली. सगळ्यात जास्त ताप-सर्दी, मग बस नाही, आणि ६४ वेळा "आई कामावर". ते ६४ वाचल्यावर पत्रात एक गोष्ट वाढवली, जी मला आधी सुचली नव्हती: संध्याकाळी सहा ते आठ आणि रविवारी सकाळी वेळ ठेवू, त्या वेळेचा दर थोडा जास्त द्या, कारण त्या वेळी थेरपिस्टला जास्त पैसे द्यावे लागतात. त्याने गैरहजेरी कमी होईल आणि ऑफिसचेही पैसे वाचतील.

बाकी मागणी अशी लिहिली: झालेल्या सेशनला ४००, आधी न कळवता न आलेल्याला त्याचा अर्धा. हा अर्धा मान्य झाला तर ४०० मधून कमी करायची तयारी आहे असंही स्पष्ट लिहिलं, कारण गैरहजेरी ४०० मध्ये धरलेलीच आहे, एकाच गोष्टीचे दोनदा पैसे मला नको. मूल्यमापन आणि घरभेट वेगळी. पैसे ४५ दिवसांत, दरवर्षी एप्रिलमध्ये निर्देशांकाप्रमाणे वाढ.

आर्यनच्या आई, तुमची ओळ पहिल्याच परिच्छेदात घातली आहे, "कोणत्याही पालकाकडून कोणत्याही नावाखाली रक्कम घेतली जाणार नाही, तशी पाटी सेंटरच्या दारावर लावली जाईल". आणि वेटिंगचं तुमचं म्हणणं माझ्या डोक्यातून जात नाहीये, त्यावर एवढंच सुचलं की तीन वर्षांखालच्या मुलांना आधी घ्यावं असं लिहिलं. तुम्हाला पटतं का सांगा, नसेल पटत तर सोमवारच्या आत बदलते.

हुडकेश्वर आणि वर्धमान नगरच्या दोन सेंटरनी सही करतो म्हटलं आहे. अजून कोणी असेल तर उद्यापर्यंत मेसेज करा. सोमवारी स्वतः जाऊन देते आणि आवक क्रमांक इथे टाकते.